प्रकल्प नोंदी : उसाची ट्रॉली किती लांबून दिसते?

१८ नोव्हेंबर
विषय एकदाचा ठरला. म्हणजे सरांनी आधीच्या दोन विषयांवर काट मारली आणि तिसऱ्यावर मारली नाही. पहिला होता सांगलीतल्या चौकांमधली कोंडी. "दरवर्षी कुणीतरी करतंच." दुसरा मिरज रस्त्यावरचं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या. त्यावर ते नुसतेच हसले. तिसरा मी घरून घेऊन आले होते : रात्री रस्त्यावर चालणारी किंवा बंद पडलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला किती अंतरावरून दिसते, आणि तेवढं अंतर पुरतं का.

रस्ता आमचाच घेतला. सांगलीवाडीकडून समडोळी, कवठेपिरान, दुधगाव. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा, मध्ये नुसता ऊस. गटात आम्ही तिघं. कुपवाडची मैत्रीण, मिरजेचा एक मित्र आणि मी. वहीत आम्ही एकमेकांना गावावरूनच लिहितो, म्हणून इथंही कुपवाड आणि मिरज. ट्रॉली तात्यांची, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांची. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२१ नोव्हेंबर
दिवसभर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अपघात अहवाल. देशात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू. मेलेल्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के. दिवसाचे तीन-तीन तासांचे तुकडे केले तर संध्याकाळी ६ ते ९ हा सगळ्यात वाईट. धडकेच्या प्रकारांत मागून धडक सगळ्यात वर. हे सगळं आमच्या विषयाला अगदी मापात बसतं, त्यामुळे मिरज खूश.

मला खटकला तो कारणांचा तक्ता. ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे. एवढा मोठा आकडा एकाच रकान्यात कसा आला? वेग मोजला कुणी? अपघात झाल्यावर तासाभरानं पोहोचलेल्या हवालदाराकडे वेग मोजायला काय असतं? वहीच्या कडेला प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

२५ नोव्हेंबर
प्रश्नचिन्हाचं उत्तर अर्धं मिळालं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर प्रथम खबर (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, काही संवेदनशील गुन्हे सोडून. तिघांनी बसून जिल्ह्यातल्या अपघातांच्या वाचायला घेतल्या. चार-पाच झाल्यावर कुपवाड न बघताच पुढचं वाक्य म्हणून दाखवायला लागली : "आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून..."

नावं बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच. पूर्वी त्याखाली भारतीय दंड विधानाची २७९ आणि ३०४ अ ही कलमं असायची, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेची २८१ आणि १०६. वाक्याला धक्का लागलेला नाही. साहजिकच आहे, ते वाक्य कलमाच्या मापानं शिवलंय. गुन्हा सिद्ध करायचा तर हयगय लागते, म्हणून हयगय लिहायची. पण तेच वाक्य पुढं तक्त्यात जाऊन 'अतिवेग' होऊन बसत असेल, तर त्या ७१.२ टक्क्यांत किती वेग आहे आणि किती हे वाक्य आहे?

त्यात 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' हे शब्द मला फार आवडले. म्हणजे परिस्थिती होती, हे कागदाला मान्य आहे. ती काय होती, ते पुढं कुठंच येत नाही.

२७ नोव्हेंबर
एका कार्यालयात जुन्या अपघातांच्या नेमक्या जागा मागायला गेलो. साहेब बैठकीत. परत गेलो, साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला, माहिती नाही. नाद सोडला.

तसाही राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटचा निकष आमच्या रस्त्याला लागत नाही. सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. आमची ट्रॉली काय एकाच ५०० मीटरमध्ये उभी राहत नाही. आज या ओढ्यापाशी टायर बसतो, उद्या त्या वळणावर एक्सल तुटतो. धोका चाकावर फिरतोय आणि नकाशात त्याला ठिपका मागतात.

२ डिसेंबर
घरोघरी फिरून प्रश्नावली. कवठेपिरानपासून सुरुवात केली. हे हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव, त्यामुळे पहिल्याच घरात चहाबरोबर कुस्तीचा इतिहास मिळाला, प्रश्नावली मिळाली नाही.

रात्री रस्त्यावर कोण असतं आणि का, हे आम्हाला हवं होतं. पुस्तकातली 'फेरी' म्हणजे एका कामासाठी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेला प्रवास. हे घोकून गेलो आणि पहिल्या आजोबांनी सांगितलं, "मी कुठं जात न्हाई." नातू शेजारीच होता. तो म्हणाला, सकाळी मळ्यात, नऊला डेअरीत दूध, दुपारी परत मळ्यात, संध्याकाळी पारावर, रात्री मोटर चालू करायला पुन्हा मळ्यात. आजोबा म्हणाले, "ते काय जाणं झालं व्हय?" त्यांच्या लेखी जाणं म्हणजे सांगलीला जाणं.

संध्याकाळी प्रश्न बदलला. 'काल तुम्ही कुठे कुठे गेला होता' हे काढून टाकलं. त्याऐवजी 'काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगा' असं विचारायचं आणि फेऱ्या आपण मोजायच्या. फरक लगेच दिसला, बायकांच्या बाबतीत जास्त. एक वहिनी पोराला शाळेत सोडून, गिरणीत दळण टाकून, सासूची औषधं घेऊन, दळण उचलून घरी आल्या होत्या. जुन्या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, "शाळेत सोडायला गेले होते."

हेल्मेट वापरता का? सगळे हो. एकानं तर आतून आणून दाखवलं. कंपनीची पिशवी अजून वर होती.

रात्रीचे लोक कोण, ते मात्र नीट कळलं. कुपवाडच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून येणारे. पहाटे दुधाचे कॅन अडकवून निघणारे. आठवड्यातून काही रात्री पाण्याची पाळी असणारे, कारण शेतीची वीज रात्री येते. यातलं हौसेनं रात्री फिरणारं कुणी नाही. एसटीची शेवटची गाडी पाळी सुटायच्या आधीच निघून गेलेली असते.

६ डिसेंबर
प्रश्नावल्या संगणकात भरल्या. कंटाळवाणं काम. मिरजनं एका घराचं वय आणि घरातली माणसं यांची अदलाबदल केली, तर १४ वर्षांच्या पोरीच्या घरात ६२ माणसं झाली.

११ डिसेंबर
रस्त्यावर प्रत्यक्ष नोंद. आम्ही दोघी मुली, म्हणून सरांनी रात्री नऊची हद्द घातली आणि चमकणारी जाकिटं दिली. घरच्यांनी वर आणखी एक अट घातली : तात्या बरोबर असतील. त्यामुळे तात्यांना सांगावंच लागलं. ते खुर्ची घेऊन आले आणि आमच्यापेक्षा जास्त गाड्या त्यांनीच मोजल्या.

वेग मोजायला यंत्र नाही. दोन खांबांमधलं अंतर टेपनं मोजलं, एकानं हात खाली करायचा, दुसऱ्यानं घड्याळ दाबायचं. जुनी पद्धत आहे, चालते. फक्त अंधारात हात दिसत नाही हे तिथं गेल्यावर समजलं. मग मोबाइलची बॅटरी.

ट्रॉल्यांची नोंद वेगळ्या कागदावर : मागची लाल बत्ती आहे का, रेडियम आहे का, दिसतंय का. (रिफ्लेक्टरच्या पट्टीला इकडं सगळे रेडियमच म्हणतात, आम्हीही तेच लिहितोय.) पहिल्या तासातच रकाने कमी पडले. रेडियम 'आहे' आणि 'दिसतंय' या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. हंगामाच्या तोंडाला मोहिमा होतात, पट्ट्या चिकटवल्या जातात, फोटो निघतात. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर पट्टी असते, खरी असते. पण ऊस भरला की मोळ्यांची टोकं फळीच्या बाहेर हातभर येतात, वाढं (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) खाली लोंबतं, आणि पट्टी त्याच्या मागं झाकून जाते. बत्तीचंही तेच. रिकामी ट्रॉली परत जाताना मात्र दिवाळीसारखी चमकते.

अंगदचा प्रश्न आणखी वेगळा. छोट्या ट्रॅक्टरला जोडलेली ती दोन चाकांची गाडी, तिला मागं फळीच नाही. पट्टी लावणार कुठं?

१४ डिसेंबर
हे नोंदीत लिहायचं का यावर दोघांशी वाद झाला. लिहितेय.

काल साडेसातला सांगलीहून घरी येत होते. स्कूटी, डिपरवर, वेग चाळीसच्या आसपास, हेल्मेट होतं. समोरून एक जीप अपरवर आली. ती गेल्यावर काही क्षण नुसता काळोख. त्या काळोखात मला आधी वास आला. ताज्या तोडलेल्या उसाचा, हिरवट गोड. मग अगदी समोर वाढं दिसलं, पानं हलताना. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, मी साइडपट्टीवर मातीत गेले आणि तिथंच आडवी झाले. ट्रॉलीला लागले नाही. गुडघा सोलला, आरसा गेला.

ट्रॉलीचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला होता. ड्रायव्हर मदत आणायला गेलेला. त्यानं मागं दगड मांडले होते, पण ट्रॉलीपासून चार पावलांवर. वर लिंबाची फांदी. दोन्ही अंधाराच्याच रंगाचे.

मला काही झालं असतं तर कागदावर काय आलं असतं, ते मला तोंडपाठ आहे. रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.

आज सकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं. ट्रॉली गेली होती. दगड तिथंच होते.

१९ डिसेंबर
गणित. थांबायला लागणाऱ्या अंतराचं सूत्र दुसऱ्या वर्षीच शिकलो होतो, तेव्हा पाच मार्कांसाठी. इंडियन रोड्स काँग्रेस डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत २.५ सेकंद धरते. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. अडीच सेकंदांत सुमारे ४२ मीटर निघून जातात, ब्रेक लागण्याआधीच. मग ब्रेक लागल्यावर घर्षण ०.३६ धरलं तर आणखी ३९. एकूण ८० च्या वर. ताशी ४० ला हेच २८ अधिक १७, म्हणजे ४५ मीटर.

आता उलट विचार. ताशी ६० नं जाणाऱ्याला उभी ट्रॉली ३५ मीटरवर दिसली, तर या हिशेबानं तो ब्रेक मारायच्या आतच तिच्यावर असतो. रस्त्यावर टायर घासल्याची खूण उमटणार नाही. आणि पंचनामा करणारा बघतो, खूण नाही, म्हणजे ब्रेकच मारला नाही, म्हणजे बेफाम होता. खूण नसण्याचा दुसरा अर्थ असू शकतो, त्याला दिसलंच नव्हतं. दोन्हींत रस्ता सारखाच कोरा दिसतो.

याचा अर्थ वेगाचा दोष नाही असं नाही. त्याच ३५ मीटरवर ताशी ३० नं येणारा थांबतो, त्याला साधारण ३० मीटर पुरतात. पण पाळी सुटून घरी निघालेल्या माणसानं मोकळ्या डांबरी रस्त्यावर तीसनं जावं, हा सल्ला मी तरी कुणाच्या तोंडावर देऊ शकणार नाही. मी स्वतः चाळीसवर होते.

२८ डिसेंबर
तात्यांच्या मळ्यातल्या खाजगी रस्त्यावर चाचणी. अंधारा पंधरवडा बघूनच तारीख घेतली. भरलेली ट्रॉली एका टोकाला, मिरजची मोटारसायकल डिपरवर, पाच-पाच मीटरवर चुन्याच्या खुणा. गाडी मागं मागं न्यायची आणि ट्रॉली दिसेनाशी कधी होते ते लिहायचं.

सर स्वतः आले होते. पहिल्या फेरीनंतर म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ट्रॉली आहे म्हणून. रस्त्यावरच्याला माहीत नसतं." बरोबर होतं. जे शोधतोय ते लवकर सापडतं. मग पद्धत बदलली. बघणाऱ्यानं पाठ करून उभं राहायचं. बाकीच्यांनी कधी ट्रॉलीसमोर काळं ताडपत्रीचं कापड धरायचं, कधी नाही. मग त्यानं वळून तीन सेकंदांत सांगायचं, आहे की नाही. अंतरं लगेच घसरली. कुपवाडनं एकदा ठामपणे "आहे" म्हणून सांगितलं, तेव्हा समोर नुसती ताडपत्री धरलेले तात्या होते.

आकडे आमच्या एका गाडीच्या एका दिव्याचे आहेत, त्यांवरून जगाला काही सांगायचं नाही. रेडियम नसताना तिशीतले मीटर. स्वच्छ, उघडं रेडियम असताना शंभरावरची खूण ओलांडूनही दिसत होतं, तिथं आमचा रस्ताच संपला. त्याच पट्टीला ओला चिखल फासला तर पन्नासच्या आसपास. आणि पट्टीवर वाढं लोंबत सोडलं तर पुन्हा तिशीत. पट्टी जणू नव्हतीच.

कारण साधं आहे. ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यातले बारीक काचमणी दिव्याचा प्रकाश आला त्याच वाटेनं परत पाठवतात, म्हणून दिव्यामागं बसलेल्याच्याच डोळ्यांत तो शिरतो. मधे एक पान आलं तर जातानाही अडतो आणि येतानाही.

तात्या शेवटपर्यंत गप्प होते. सगळं आवरल्यावर म्हणाले, "वीस वर्सं झाली वडतोय. ही गाडी मागनं बघितलीच नव्हती कधी रातची."

५ जानेवारी
कारखान्याच्या तळावर ड्रायव्हर आणि मुकादमांशी बोलणं. नंबर लागेपर्यंत गाड्या रांगेत, काही रात्रभर. सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे आवाज, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. मागून हॉर्न दिलेला यांना ऐकू येत असेल का, हा प्रश्न विचारायलाही ओरडावं लागलं.

ऊस एवढा बाहेर का काढता? पैसे टनावर. रांगेत तेवढाच वेळ जाणार, मग खेप मोठी का नको. घेतलेली उचल फेडायची असते. बत्ती का नाही? पहिल्या ट्रॉलीला असते. दुसरीला जाणारी वायर दर वेळी हूक सोडताना ओढली जाते, आठ दिवसांत तुटते. एक ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बत्तीचा दंड माहीत हाय. बत्ती लावून दाखवा, मग पावती फाडा."

बीडकडून आलेल्या एका टोळीतल्या बाईंनी उलट मलाच विचारलं, बैलगाडीच्या मागं काय लावायचं? आमची पोरं गाडीवरच झोपलेली असतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

अमेरिकेत विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरनं अपघाताचा तक्ता मांडला होता : धडकेच्या आधी, धडकेत आणि नंतर, अशा तीन ओळी, आणि माणूस, वाहन, परिसर असे रकाने. संध्याकाळी तो आमच्या विषयावर भरला. माणसाचा आणि आधीचा असा एकच चौकोन सरकारी कागदात भरलेला असतो. बाकीचे भरता भरता आमची दोन पानं झाली.

१४ जानेवारी
संक्रांत. काम बंद. तात्यांनी तिळगूळ दिला आणि विचारलं, "मग काय करायचं ठरलं रेडियमचं?"

२२ जानेवारी
ठरलं ते असं. फळीवर काही लावायचं नाही. लांब कापडी पट्टा, त्यावर लाल रेडियम शिवलेलं, दोन्ही टोकांना नाडे. ऊस भरून झाल्यावर शेवटच्या मोळ्यांच्या बाहेरून बांधायचा, खाली करायच्या आधी सोडायचा. सांगलीत ताडपत्रीवाल्याकडे शिवून घेतले, पाच नग. दोन तात्यांच्या जोडट्रॉलीला, एक शेजारच्या अंगदला, दोन त्या टोळीतल्या बैलगाड्यांना. अंतर मळ्यात पुन्हा तपासलं, वाढं लोंबत असतानाही शेवटच्या खुणेवरून दिसतोय.

कुपवाडला आनंद झाला. सर म्हणाले, दिसतो हे ठीक, टिकतो का ते बघा.

१० फेब्रुवारी
टिकत नाही. म्हणजे कापड टिकतं, पट्टा टिकत नाही. अंगदवाल्याचा पट्टा गव्हाणीकडे (कारखान्यात ऊस टाकतात तिथं) जाताना सोडायचा राहिला आणि उसाबरोबर गेला. तात्यांचा एक काट्यावर वजन झाल्यावर कुणीतरी सोडून नेला, चांगलं कापड आहे म्हणून. दुसरा आहे, पण तात्या तो दर खेपेला बांधत नाहीत. मी तोंडावर विचारलं तर म्हणाले, "दिवसा भरली की वाटतं उजेडात पोचू. मग रांगेत रात होते." ही खोटी सबब नाही. दिवसा भरणाऱ्याला रात्रीची आठवण कशी ठेवायची, हा आमच्या प्रश्नावलीत नसलेला प्रश्न.

शेवटी उपाय तात्यांनीच सांगितला : पट्टा वेगळा ठेवूच नका. ऊस आवळायला जो दोर लागतो, त्याच्याशिवाय गाडी हलतच नाही. रेडियम त्या दोराला शिवा. एक दोर तसा करून घेतला. घासून किती दिवसांत जातं ते बघतोय.

२६ फेब्रुवारी
दोरावरचं रेडियम १२ खेपांनंतर मध्यभागी गेलं, कडेला शाबूत. घासतं ते उसाच्या वरच्या कडेवर. मध्यावर शिवायचंच नाही, दोन्ही बाजूंना लोंबत्या टोकांवर शिवायचं. म्हणजे गाडीची रुंदीही कळेल. हे आधी सुचायला हवं होतं.

अहवालाचा मसुदा दिला. सरांनी 'अपघाताची कारणे' या तक्त्यात चालकाची चूक किती टक्के ते विचारलंय. रकाना कोरा ठेवून शेजारी 'दिसण्याचं अंतर' असा नवा रकाना काढला आणि परत दिला. अजून उत्तर नाही.

१४ मार्च
आज पट्टा पडला. कारखाना बंद झाला असं इकडं कुणी म्हणत नाही, पट्टा पडला म्हणतात. आमचे पट्टे मोजायला त्याच दिवशी जावं लागलं.

पाचांपैकी हातात आला एक, तात्यांचा. टोळीची आवराआवर चालली होती. एक बैलगाडीचा पट्टा बाईंनी गाडीला बांधूनच ठेवला होता. म्हणाल्या, गावाला पोचेपर्यंत राहू द्या. दुसरा खोपीच्या तोंडाला पडद्यासारखा लावला होता. आमच्या स्कूटीचा दिवा त्यावर पडला आणि सबंध खोपी लांबूनच लाल झाली.

नोंदवहीत जमा : पट्टा १, दोर १ (मधोमध झिजलेला). बाकीचे खर्ची टाकले.